एका फुसक्या बारानंतर: ३१२ काडतुसे उघडण्याचा निर्णय

पार्श्वभूमी

या प्रकरणातील गृहस्थ परवानाधारक हौशी नेमबाज आहेत. त्यांच्या देशात कायद्याने मुभा असल्यामुळे नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाची सरावाची काडतुसे ते सुमारे सहा वर्षे घरीच भरत आले आहेत. ज्या देशात अशी मुभा नाही, तेथे या मजकुराचा उपयोग केवळ समजून घेण्यापुरता आहे. घटना घडली त्या दिवशी मी त्याच रेंजवर सुरक्षेचे काम पाहत होतो, आणि पुढचे चार-पाच दिवस त्यांच्यासोबत त्यांच्या कामाच्या टेबलाशी बसलो. त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील वगळून, ही हकिकत लिहीत आहे.

काडतूस पुन्हा भरण्याची क्रिया वर्णनाला सोपी वाटते. झाडलेली पितळी पुंगळी डायमधून, म्हणजे ठरावीक मापाच्या पोलादी साच्यातून, दाबून मूळ मापात आणायची, बुडाशी बसणारा जुना प्राइमर (पावडर पेटवणारी छोटी टोपी) काढून नवा बसवायचा, तोंड किंचित फाकवायचे, मोजलेली पावडर (दारू) टाकायची, वर गोळी बसवायची आणि फाकवलेले तोंड पुन्हा आवळायचे. साध्या प्रेसवर, म्हणजे हँडलने दाब देणाऱ्या यंत्रावर, ही कामे पन्नास-पन्नास पुंगळ्यांच्या टप्प्यांत होतात. या गृहस्थांकडे प्रोग्रेसिव्ह प्रकारचा प्रेस होता. त्याच्या हाताने फिरवायच्या तबकडीवर चार स्थानके असतात आणि हँडल एकदा ओढले की चारही पुंगळ्यांवर चार वेगवेगळी कामे एकाच वेळी होतात. वेगाचे सगळे गुपित त्यात आहे, आणि या प्रकरणाचे मूळही त्यातच सापडले. दुसऱ्या स्थानकावर वर ढकललेल्या प्रत्येक पुंगळीत पावडरमापक एक माप सोडतो; त्या पुंगळीत आधीच एक माप पडलेले आहे की नाही, हे कळण्याची त्यात कोणतीही सोय नव्हती.

घटनेच्या चार दिवस आधी, एका संध्याकाळी, त्यांनी ३५० काडतुसे भरली. त्या बैठकीत नेहमीप्रमाणे काही किरकोळ चुका झाल्या आणि त्या त्यांनी तिथल्या तिथे दुरुस्त केल्या. नऊ काडतुसांत गोळी ठरलेल्या मापापेक्षा खोल बसली होती, सुमारे डझनभरांचे तोंड पुरेसे आवळले गेले नव्हते, चार काडतुसांचे प्राइमर बुडाच्या पातळीच्या किंचित वर राहिले होते, आणि एकदा प्राइमर आडवा शिरून चेपला होता. तयार झालेली सगळी काडतुसे एकाच डब्यात पडत गेली. नोंदवहीत त्यांनी एवढेच लिहिले होते: तारीख, पावडरचा प्रकार, माप, एकूण संख्या.

रेंजवर काय घडले

अडतिसाव्या काडतुसाला ट्रिगर ओढल्यावर नेहमीच्या धमाक्याऐवजी टाळी वाजल्यासारखा दबका आवाज झाला, हाताला धक्का बसला नाही, आणि स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) मागे आली नाही. मराठीत ज्याला आपण फुसका बार म्हणतो, तो हाच. अशा वेळी नेमबाजाचा हात सवयीने स्लाइडकडे जातो, कारण ‘काडतूस पेटले नाही, ते काढून पुढचे चढवा’ हा अडथळा दूर करण्याचा धडा त्याने शेकडो वेळा गिरवलेला असतो. यांचाही हात तसाच गेला. शेजारच्या नेमबाजाने आवाजातला फरक ओळखून ‘थांबा’ अशी हाक दिली आणि मी पोहोचेपर्यंत पिस्तूल सुरक्षित दिशेला धरून ते थांबले होते.

पिस्तूल रिकामे करून नळी उतरवली, तेव्हा चेंबरच्या (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेच्या) पुढे सुमारे पाच सेंटिमीटरवर गोळी अडकलेली दिसली. केवळ प्राइमरच्या जोराने गोळी पुंगळीतून सुटून नळीत शिरू शकते, पण बाहेर पडण्याइतका जोर त्यात नसतो. गोळी इतकी पुढे गेलेली असल्यामुळे मागे चेंबर मोकळे होते आणि पुढचे काडतूस विनासायास चढले असते. ते झाडले असते तर दुसरी गोळी पहिलीवर आदळून नळी फुगली किंवा फाटली असती. हा पहिला निर्णयाचा क्षण दोन सेकंदांचाही नव्हता, आणि तो योग्य ठरला तो मुख्यतः शेजाऱ्याच्या कानांमुळे.

त्या पुंगळीची आणि नळीची पाहणी महत्त्वाची ठरली. पावडर ओलसर असेल किंवा नीट पेटली नसेल, तर अर्धवट जळालेले पिवळसर कण नळीत व चेंबरमध्ये चिकटलेले सापडतात. येथे फक्त प्राइमरची काळी काजळी होती, एकही कण नव्हता. म्हणजे पावडर बिघडलेली नव्हती, ती त्या पुंगळीत पडलीच नव्हती. अडकलेली गोळी नळीत तेल सोडून, पितळी कांडीने पुढच्या तोंडाकडून मागे हलकेच ठोकून काढली. लोखंडी सळई वापरली असती तर नळीच्या आतील खाचांना इजा झाली असती. मोकळी झालेली नळी बाहेरून पट्टी लावून आणि आतून प्रकाश सोडून तपासली, फुगवटा नव्हता.

खरा प्रश्न

गृहस्थांचे पहिले म्हणणे असे होते की एक पुंगळी रिकामी राहून गेली, ती सापडली, विषय संपला. मला ते पटले नाही. प्रोग्रेसिव्ह प्रेसवर एखादी पुंगळी पावडरीविना पुढे सरकते, तेव्हा क्रम कुठेतरी मोडलेला असतो, आणि जिथे क्रम मोडतो तिथे एकीच्या वाट्याची पावडर दुसरीत पडलेली असण्याची दाट शक्यता असते. फुसका बार निदान स्वतःची जाहिरात करतो. दुहेरी माप पडलेले काडतूस बाहेरून इतरांसारखेच दिसते.

त्यांनी निवडलेली पावडर दाट आणि जलद जळणारी होती. एका मापाने पुंगळीचा थोडाच भाग भरत असल्यामुळे दुसरे माप सांडल्याशिवाय त्यात मावत होते. फुगीर, जागा व्यापणारी पावडर असती तर दुसरे माप काठावरून ओसंडले असते आणि चूक जागच्या जागी दिसली असती. पॉइंट ३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात तर हा धोका आणखी मोठा आहे. १८९८ चे हे काडतूस सुरुवातीला काळ्या दारूने भरले जात असे, त्यामुळे त्याची पुंगळी आजच्या धूररहित पावडरीच्या मानाने फार ऐसपैस आहे. नऊ मिलिमीटरची पुंगळी लहान असली, तरी तिचा कमाल दाब मुळातच जास्त असतो. अमेरिकेतील दारूगोळा उत्पादकांची मानके ठरवणारी ‘सामी’ ही संस्था तो ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) धरते, तर ३८ स्पेशलचा १७,०००. त्यामुळे जास्तीच्या मापाला सामावून घेण्याची उसंत येथे कमी.

तेव्हा डब्यात उरलेल्या ३१२ काडतुसांपैकी एखाद्यात दुहेरी माप आहे का, आणि नसेल तर ते झाडलेल्या ३७ पैकी एखाद्यात होते का, हा प्रश्न होता.

तोललेले पर्याय

उरलेली काडतुसे एकेक करून, प्रत्येक आवाजाकडे लक्ष देत झाडावीत, हा पर्याय लगेच बाद झाला. ही दक्षता फुसक्या बारापुरती उपयोगी आहे; दुहेरी माप झाडल्यावरच कळते, आणि तोवर जे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

काडतूस कानाशी हलवून आतल्या पावडरीचा आवाज ऐकणे ही जुनी युक्ती काहींना भरवशाची वाटते. रिकामी पुंगळी कधीकधी त्यातून ओळखू येते. मात्र गच्च भरलेलीही रिकामीइतकीच गप्प बसते, त्यामुळे आमच्या कामाला ही युक्ती निरुपयोगी होती.

सगळी ३१२ काडतुसे रेंजवरच्या निकामी काडतुसांच्या डब्यात टाकून मोकळे व्हावे, असे माझे स्वतःचे पहिले मत होते. त्याला त्यांनी घेतलेला आक्षेप रास्त होता: चूक कोणत्या हालचालीने झाली हे कधीच कळणार नाही आणि पुढच्या बैठकीत तीच पुन्हा होईल.

वजनाचा पर्याय त्यांना सर्वांत आवडला, कारण त्यांच्याकडे चांगला इलेक्ट्रॉनिक काटा होता. यावर आमचा बराच वाद झाला. पावडरीचे एक माप साधारण साडेचार ग्रेनचे, म्हणजे ०.२९ ग्रॅम, जुन्या सोनारी मापात जेमतेम अडीच गुंजा. गोळी १२४ ग्रेनची आणि पुंगळी ६० ग्रेनच्या आसपासची. पुंगळ्या जर वेगवेगळ्या उत्पादकांच्या असतील, तर त्यांच्याच वजनात कित्येक ग्रेनचा फरक असतो. एवढ्या फरकात साडेचार ग्रेन शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणेच. तरीही, उघडण्याआधी वजन केल्याने काही बिघडणार नव्हते, म्हणून त्यांच्या आग्रहाखातर आम्ही ते केले.

शेवटचा पर्याय सरसकट सगळी काडतुसे उघडण्याचा होता: कष्टाचा, कंटाळवाणा, आणि नेमके उत्तर देणारा तेवढा एकच. संशयितांपुरतीच उघडता आली असती तर काम एका तासाचे होते. पण सगळी एकाच डब्यात पडलेली असल्यामुळे प्राइमर चेपला तेव्हाची काडतुसे कोणती, हे सांगण्याचा कोणताही मार्ग उरला नव्हता.

केलेली कृती

प्रथम प्रत्येक काडतुसाला क्रमांक देऊन वजन नोंदवले. ती सर्व १८५ ते १९७ ग्रेनच्या दरम्यान पसरली होती. टोकाला वेगळे पडलेले असे एकही नव्हते. पुंगळीच्या बुडावरील छाप पाहून गट पाडले, तेव्हा प्रत्येक गटातील पसारा आक्रसला, तरी तो साडेचार ग्रेनच्या खाली आला नाही, कारण ओतीव शिशाच्या गोळ्यांतही थोडाफार फरक असतो. येथे दुसरा महत्त्वाचा निर्णय होता. वजनात काही सापडले नाही याचा अर्थ काही नाही असा घेण्याचा मोह त्यांना झाला होता, आणि थकलेल्या माणसाला तो होणारच. मी एवढेच विचारले, की उद्या हे काडतूस तुम्ही स्वतःच्या मुलीच्या हातातील पिस्तुलात घालाल का. त्यावर ते उठून हातोडी घेऊन आले.

ही हातोडी म्हणजे पोकळ डोक्याचे प्लास्टिकचे साधन. त्यात काडतूस पकडीत उलटे अडकवून कठीण लाकडाच्या ठोकळ्यावर आपटले की झटक्याने गोळी सुटते आणि पावडर डोक्यातील पोकळीत जमते. दोन-तीन ठोक्यांत एक काडतूस उघडते. हातोडीसोबत आलेलीच पकड वापरावी, डोळ्यांवर चष्मा असावा, आणि कडेला पेटवणाऱ्या रिमफायर काडतुसांना हे साधन कधीही लावू नये. आम्ही प्रत्येक काडतुसाची पावडर स्वतंत्र वाटीत काढून क्रमांकासमोर तिचे वजन लिहीत गेलो. काम चार संध्याकाळी चालले. दुसऱ्या दिवशी त्यांचे मनगट सुजले, म्हणून ठोकायचे काम माझ्याकडे आणि तोलायचे त्यांच्याकडे आले.

निष्पत्ती

क्रमांक २२७ च्या काडतुसातून ९.१ ग्रेन पावडर निघाली. उरलेल्या ३११ मध्ये माप ठरलेल्या आकड्याच्या ०.२ ग्रेनच्या आत होते. उघडण्याआधी क्रमांक २२७ चे वजन १९१.७ ग्रेन नोंदवलेले होते, म्हणजे एकूण पसाऱ्याच्या जवळजवळ मधोमध. हलकी पुंगळी आणि किंचित हलकी गोळी यांनी जास्तीची पावडर पूर्णपणे झाकून टाकली होती.

दुहेरी माप हाती लागल्यावर कारणाचा शोध सोपा झाला. रिकाम्या पुंगळ्या घेऊन त्यांनी प्रेसवर तो प्रसंग पुन्हा करून दाखवला. पहिल्या स्थानकावर प्राइमर आडवा शिरला. ती पुंगळी काढून त्यांनी नवी ठेवली आणि तिच्यासाठी हँडल पुन्हा पूर्ण ओढले. त्या ओढीत दुसऱ्या स्थानकावर आधीच भरलेली पुंगळीही वर गेली आणि तिच्यात दुसरे माप पडले. पुढे लगेच, आपण तबकडी फिरवायला विसरलो की काय, अशा शंकेने त्यांनी ती एकदा जास्त फिरवली, आणि एक पुंगळी पावडर न घेताच तिसऱ्या स्थानकावर गोळीखाली गेली. रिकामी आणि दुहेरी अशी ही जोडी एकाच अर्ध्या मिनिटात जन्मली होती. चेपलेला प्राइमर ही चूक स्वतः निरुपद्रवी होती. तिची दुरुस्ती करताना बाकीची तीन स्थानके आपोआप हलतात, याचा विसर पडला.

बाकीच्या दुरुस्त्यांचे काय

या निमित्ताने त्या संध्याकाळच्या इतर दुरुस्त्याही तपासल्या. तोंड नीट न आवळलेली काडतुसे शेवटच्या डायमधून पुन्हा काढणे योग्यच होते. हे काम तयार काडतुसावर निर्धास्त करता येते, फक्त जोर लावून आवळू नये. नऊ मिलिमीटरचे काडतूस चेंबरमध्ये पुंगळीच्या तोंडावर टेकते, म्हणून तोंड जास्त आत वळले तर टेकायला कडच उरत नाही. शिवाय अति आवळल्याने गोळीवरची पकड उलट सैल होऊ शकते. दुरुस्त केलेले काडतूस पिस्तुलातून काढलेल्या नळीत सोडून पाहावे: ते टक् आवाज करत आत बसले, बोटाने सहज फिरले आणि नळी उलटी करताच बाहेर पडले, तर ठीक.

खोल बसलेल्या नऊ गोळ्या त्यांनी हातोडीच्या हलक्या ठोक्याने थोड्या वर आणून पुन्हा योग्य मापावर बसवल्या होत्या. गोळी खोल गेली की आतील जागा घटते आणि दाब वाढतो, त्यामुळे त्या तशाच न सोडणे बरोबर होते. मात्र दोनदा सरकलेल्या गोळीवर पुंगळीची पकड टिकली आहे का, हे त्यांनी पाहिले नव्हते. काडतूस टेबलाच्या कडेवर अंगठ्याने जोरात दाबून लांबी कॅलिपरने पुन्हा मोजायला अर्धे मिनिट लागते. ते केले नाही, तर चेंबरमध्ये चढताना गोळी पुन्हा आत सरकू शकते.

वर राहिलेल्या चार प्राइमरांची गोष्ट मात्र मला फुसक्या बारापेक्षा जास्त अस्वस्थ करून गेली. ते प्राइमर त्यांनी भरलेल्या काडतुसांवरच प्रेसने आत दाबले होते. प्राइमर ठोक्याने चेपला की पेटण्यासाठीच बनवलेला असतो, आणि त्याच्यामागे पावडर व गोळी असताना तो दाबणे म्हणजे चेंबरविना बार उडवण्याची तयारी करणे. अशा काडतुसाची गोळी आधी काढावी, पावडर ओतून टाकावी, आणि मगच रिकाम्या पुंगळीत प्राइमर सावकाश खाली बसवावा. चारही वेळा काही झाले नाही, हे त्यांनी मला दोनदा ऐकवले. मी त्यावर काही बोललो नाही, कारण ३७ काडतुसे नीट उडाली हा युक्तिवादही त्यांनी असाच केला होता.

काय वेगळे करता आले असते

पन्नास काडतुसे झाली की ती वेगळ्या पेटीत भरून क्रमांक टाकला असता, आणि प्रत्येक अडथळ्याची वेळ नोंदवली असती, तर ३१२ ऐवजी पन्नासच उघडावी लागली असती. हा बदल त्यांनी तत्काळ केला. प्रेस कोणत्याही कारणाने अडला, की दुसऱ्या व तिसऱ्या स्थानकावरील पुंगळ्या काढून घ्यायच्या, त्यांतील पावडर वाटीत ओतायची आणि त्या पुंगळ्यांना पुन्हा नव्याने माप द्यायचे, हा नियमही त्यांनी कागदावर लिहून प्रेसला चिकटवला. मापात चूक असल्यास अडवणारी पावडर तपासणीची डाय बसवावी असे मी सुचवले, पण चार स्थानकांच्या प्रेसवर तिला जागाच नव्हती. त्याऐवजी त्यांनी दुसऱ्या स्थानकावर छोटा दिवा लावला, गोळी ठेवण्याआधी प्रत्येक पुंगळीत डोकवायचे ठरवले, आणि फुगीर पावडर घेतली. आता दुसरे माप पडलेच तर ते तबकडीवर सांडते.

एका बाबतीत आमचे एकमत झाले नाही. काढलेली पावडर एकाच प्रकारची आणि एकाच डब्यातील असल्याने ती मूळ डब्यात परत टाकावी, असे त्यांचे म्हणणे होते. हातोडीच्या पोकळीत शिशाचे कण आणि गोळीवरचे वंगण पावडरीत मिसळते, म्हणून मी विरोध केला. अखेर ती त्यांनी बागेतील मातीत पातळ पसरून टाकली. सुटलेल्या गोळ्या वितळवून पुन्हा ओतायला ठेवल्या. प्राइमर असलेल्या पुंगळ्या मात्र वाया घालवल्या नाहीत: डायमधली प्राइमर काढणारी पिन आधी उतरवली, जेणेकरून जिवंत प्राइमरला धक्का लागणार नाही, आणि मग पुंगळ्या पुन्हा मापात आणल्या. त्यातल्या दोनशे भरून झाल्या आहेत, प्रत्येक पेटीवर क्रमांक आहे, आणि तिसऱ्या पेटीवर पेन्सिलीने लिहिले आहे: ‘३१ व्या पुंगळीला अडथळा, तबकडी रिकामी करून पुन्हा सुरुवात.’